स्पीकरमधला आमचा आवाज

मागच्या हिवाळ्यात आमच्या फुटबॉल क्लबच्या एका बैठकीत मी एक वाक्य ऐकलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. क्लबचा मार्केटिंगवाला तरुण पडद्याकडे हात करून म्हणाला, की दिल्लीतल्या प्रेक्षकांचा उत्साह कमी होत चाललाय. दिल्लीला मुळात फुटबॉलचं कल्चरच नाही. समोर आम्ही मूठभर माणसं बसलो होतो, सगळे त्याच क्लबचे जुने प्रेक्षक. त्याच्या बोलण्याचा सूर असा, की उत्साह म्हणजे जणू डोक्यावरचे केस, वय झालं की गळायचेच. मला तिथे जे सगळं सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. राग आला की माझी हिंदीतली लिंगं चुकायला लागतात. म्हणून इथे सांगते.

मी पुण्याची. केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी, नवरा गुडगावला आयटीत, घर द्वारकेतल्या एका सोसायटीत. नवरा कोल्हापूरचा असूनही त्याला फुटबॉलचा गंध नाही, आणि ही गोष्ट तो कोल्हापुरात फारशी कुणाला सांगत नाही. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात आणि संघावरून घरात अबोला होतो. सासूबाईंचं माहेर एका पेठेतलं, सासर नेमकं विरुद्ध पेठेतलं. मॅचच्या दिवशी सासरे आणि त्या एकमेकांशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर नवऱ्याला मध्ये घालून बोलत. ‘तुझ्या आईला सांग, चहा ठेव.’ ‘तुझ्या बापाला सांग, साखर संपलीय.’ त्याला फुटबॉल का आवडत नाही ते मला लग्नानंतर लवकरच कळलं.

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना द्वारकेला घेऊन आलो. त्या आल्या, पण जणू कुणी सामान आणून ठेवावं तशा आल्या. सकाळी बाल्कनीत बसायच्या, विमानतळावर उतरणारी विमानं बघायच्या, जेवायला हाक मारली की उठायच्या. हिंदी कळायचं, बोलायला जड जायचं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला मी त्यांना दोनदा नेलं. तिथल्या बायका चांगल्या होत्या, पण परत येताना सासूबाई म्हणाल्या, “सगळ्या कशा हळू बोलत्यात गं.” कोल्हापूरच्या बायका ‘मी येते’ऐवजी ‘मी येतो’ म्हणतात, त्यावर तिथे कुणीतरी हसलं होतं. ते त्यांना लागलं होतं.

मेट्रोच्या डब्यात एकदा मी मॅचची जाहिरात पाहिली. दिल्लीचा क्लब, शनिवारची संध्याकाळ, स्टेडियम मेट्रोवरच. घरी येऊन मी सहज विचारलं, “आई, फुटबॉल बघायला जायचं का?”

त्यांनी विमानावरची नजर काढली. “हितं खेळत्यात?”

“खेळतात म्हणे.”

“मग इतके दिवस सांगितलं का न्हाईस?” त्या उठल्याच. “चल. मी येतो.”

आम्ही गोलामागच्या पायऱ्यांवर बसलो, कारण तिथे माणसं दिसली. बाकी स्टेडियम अर्धंअधिक रिकामं होतं. त्या पायऱ्यांवर खांद्याला चेंडा, म्हणजे केरळी ढोल, अडकवून एक मल्याळी गृहस्थ उभे होते. ते बँकेत नोकरीला होते हे पुढे कळलं. त्यांच्या शेजारी मणिपूरची एक मुलगी होती, एका खासगी रुग्णालयात नर्स. ड्यूटी संपवून सरळ मैदानावर आलेली, केस अजून जाळीत बांधलेले. आजूबाजूला कॉलेजची पोरं, एक-दोन बंगाली कुटुंबं. सासूबाई सुरुवातीला पदर घट्ट धरून बसल्या होत्या. मग आमच्या एका खेळाडूने चेंडू पायात धरून उगीच तीनतीन जणांना चुकवायचा खेळ मांडला, आणि माझ्या शेजारून एक खणखणीत आवाज आला.

“आरं सोड की बॉल! घरी न्हेणार हाईस काय?”

सगळ्या पायऱ्या वळून बघायला लागल्या. भाषा कुणालाच कळली नव्हती, अर्थ सगळ्यांना कळला होता. चेंडावाल्यांनी मान झुकवून दाद दिली आणि सासूबाईंच्या त्या ओळीवर ठेका धरला. नर्सने आपल्या पिशवीतली मोसंबी सोलून सासूबाईंच्या हातात ठेवली. मी त्यांना ‘आई’ म्हणते हे ऐकून त्या मुलीला वाटलं तेच त्यांचं नाव. पुढच्या शनिवारपासून सगळ्या पायऱ्या त्यांना ‘आई’ म्हणायला लागल्या.

दोन हंगाम आम्ही एकही घरची मॅच चुकवली नाही. नोव्हेंबरच्या धुरात तोंडाला मास्क लावून गेलो. सासूबाई मास्क खाली ओढून ओरडायच्या आणि पुन्हा वर करायच्या. शुक्रवारी रात्रीच दशम्या करून ठेवायच्या, कारण पायऱ्यांवरच्या पोरांना त्या आवडायला लागल्या होत्या. नर्सने त्यांना क्लबच्या रंगाचा लोकरी स्कार्फ विणून दिला. त्या हिंदी बोलायला लागल्या, म्हणजे कोल्हापुरी वळणाची का होईना. “रेफरी को चष्मा लगता है क्या?” हे त्यांचं पहिलं पूर्ण हिंदी वाक्य. नवरा म्हणायचा, “आईला इतकं बोलताना मी कोल्हापुरातही बघितलं नव्हतं.” आमचा संघ बहुतेक वेळा हरायचा. त्याने काही बिघडत नव्हतं. हरल्यावर मेट्रोत सगळे मिळून प्रशिक्षकाला शिव्या घालत जायचो, आणि द्वारका येईपर्यंत पुढच्या मॅचचं ठरलेलं असायचं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी क्लबची माणसं माइक घेऊन आमच्याकडे आली. फॅन व्हिडिओ करायचाय म्हणाली. सगळ्यांना ओरडायला लावलं, चेंडा वाजवायला लावला, सासूबाईंकडून त्यांची ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. त्या दिवशी त्या किती खुशीत होत्या. रात्री त्यांनी कोल्हापूरला भावाला फोन करून सांगितलं, “माझा आवाज घेतलाय दिल्लीवाल्यांनी.”

त्यानंतर क्लबचे मालक बदलले. आणि मग सुरू झालं.

पहिल्यांदा मैदान बदललं. मेट्रोवरचं स्टेडियम सोडून सोनीपतच्या अलीकडे, पानिपतच्या रस्त्यावर एका खासगी मैदानात सामने ठेवले. का, ते कुणी सांगितलं नाही. द्वारकेहून तिथे जायचं म्हणजे अर्धी दिल्ली ओलांडायची, पुढे मिळेल ती गाडी. मी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “पानिपताच्या वाटंला आपलं कधी बरं झालंय काय?” आणि तरी आल्या. चेंडावाले आले, नर्स आली. कॉलेजची पोरं निम्मीच राहिली.

मग वेळा बदलायला लागल्या. संध्याकाळची मॅच टीव्हीच्या सोयीने दुपारी, तीही आदल्या दिवशी मेसेज करून. एप्रिलच्या उन्हात सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून बघा म्हणजे कळेल. छत्री न्यायला बंदी. पाण्याची बाटली गेटवर काढून घ्यायचे, आत पाणी मिळायचं नाही. दशम्यांचा डबा उघडून बघायचे आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवायचे. सासूबाईंनी एकदा दशम्या गेटवरच्या शिपायालाच देऊन टाकल्या. “टाकू नको, खा,” एवढंच म्हणाल्या.

बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. मी सुपरवायझरला गाठलं तर तो म्हणाला, “मॅडम, लेडीज़ आती ही कहाँ हैं।” मी त्याच्यासमोर उभी होते. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. नर्स आमच्या मागे उभी होती. आम्ही तिघी तिथे दिसत होतो, तरी तो माणूस आमच्या तोंडावर सांगत होता की बायका येतच नाहीत. किल्ली आली तोवर दुसरा हाफ निम्मा संपला होता. त्यानंतर सासूबाई मॅचच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायच्या बंद झाल्या. साठी उलटलेली बाई, वर एप्रिलचं ऊन. मला ते कळलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडले. चिडायला हवं होतं दुसऱ्याच कुणावर.

गोलामागची जागाही गेली. तिथे पाहुण्यांसाठी सोफे मांडले. आम्हाला समोरच्या बाजूला बसवलं, कारण कॅमेरा तिकडे बघतो. हातात कागदी पंखे दिले, त्यावर कुठल्याशा सिमेंटची जाहिरात. एक मुलगी हेडसेट लावून आमच्यासमोर उभी राहायची आणि हात वर केला की ओरडायला सांगायची. चेंडावाले तिला शांतपणे म्हणाले, “बेटा, गेम उधर है।” तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिचाही काय दोष, तिला ते काम दिलं होतं.

एवढं होऊनही आम्ही जात होतो. हे मला मुद्दाम सांगायचंय. उत्साह कमी झाला म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. उन्हात, बिनापाण्याच्या, कुलूपबंद दाराच्या त्या जागी आम्ही जात होतो.

मग ती मॅच आली. गेटवर चेंडावाल्यांना अडवलं. नवा नियम, वाद्य चालणार नाही. त्यांनी विनवलं, वाद्य आत न्यायचा जुना पास दाखवला. शेवटी चेंडा बाहेर एका पानटपरीवाल्याकडे ठेवून ते रिकाम्या हातांनी आत आले. माणसं इतकी कमी होती की खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू येत होत्या. आम्हीही गप्पच होतो. गरम होत होतं, आणि चेंड्याशिवाय सुरुवात कशी करायची ते कुणाला सुचत नव्हतं.

आणि अचानक चेंडा वाजायला लागला.

चेंडावाल्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. खांबाला टांगलेल्या स्पीकरमधून तो आवाज येत होता. मागे शेकडो माणसं ओरडल्याचा गलका होता. आमच्यातलं कुणीही तोंड उघडलेलं नव्हतं. चेंडावाले हळू आवाजात म्हणाले, “ये मेरा हाथ है।” स्वतःचा ठेका माणूस ओळखतोच.

मग स्पीकरमधून आलं, “आरं सोड की बॉल! घरी न्हेणार हाईस काय?”

त्या क्षणी चेंडू आमच्या गोलकीपरकडे होता. तो बिचारा एकटा उभा होता, चेंडू जमिनीवर ठेवून फ्री किक मारायच्या तयारीत. त्याला कुणी काय सोडायला सांगणार? दोन मिनिटांनी पुन्हा तेच वाक्य. मग पुन्हा. समोरच्या संघाने गोल केला तरी आमचा तो जुना जल्लोष चालूच राहिला, कारण बटणावर बसलेल्या माणसाचं मैदानाकडे लक्षच नव्हतं. सासूबाईंचा आवाज आमच्यावर झालेल्या गोलाबद्दल आनंद साजरा करत होता, आणि सासूबाई माझ्या शेजारी तोंडावर पदर धरून बसल्या होत्या.

“बंद करायला सांग,” त्या म्हणाल्या. “येड्यावानी वाटायलंय. मी असं कधी वरडलो न्हाई. माझं तोंड मला कळतं.”

मी उठले आणि स्पीकरचा आवाज जिथून सोडतात त्या काचेच्या खोलीपाशी गेले. तिथे तोच मार्केटिंगवाला तरुण होता. मी म्हटलं, “ये हमारी आवाज़ है। हमसे पूछा था आपने?”

“मॅडम, अच्छा ही तो है,” तो हसून म्हणाला. “आप ही लोगों का है। टीव्ही पर ॲटमॉस्फिअर चाहिए ना।”

“हम बैठे हैं ना यहाँ. हमारा ढोल बाहर रखवाया और उसी का रेकॉर्ड बजा रहे हो?”

“वो सिक्युरिटी का इश्यू है। देखिए, पब्लिक कभी आती है, कभी नहीं आती। आप लोग रहें न रहें, ॲटमॉस्फिअर तो रहना चाहिए।”

हे त्याने उद्धटपणे म्हटलं नाही. समजावून सांगितल्यासारखं, गोड म्हटलं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, निदान माझ्या सासूचा आवाज त्यातून काढा. त्यावर तो म्हणाला, की फाइल मिक्स झालीय, एक आवाज वेगळा निघत नाही. मी आणखी बरंच बोलले. त्यातलं निम्मं मराठीत बोलले असेन, कारण तो नुसता मान हलवत राहिला.

मी परत आले तेव्हा सासूबाई उभ्या होत्या, पर्स खांद्याला लावून. हाफटाइमसुद्धा झाला नव्हता. चेंडावाले म्हणाले, “चलिए आई, मैं भी निकलता हूँ।” नर्सही उठली. आम्ही चौघं बाहेर पडलो आणि आत आमचा गलका चालू होता. रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. पानटपरीवरून चेंडा घेताना त्या गृहस्थांनी त्यावर हात ठेवला, पण वाजवला नाही.

मला वाटलं होतं सासूबाई घरी येऊन बोलतील, शिव्या देतील, निदान भावाला फोन करतील. त्यांनी काहीच केलं नाही. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, “आई, निघायचं ना?” त्या भाजी निवडत होत्या. “आज नको,” म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळीही ‘आज नको’. तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा त्यांनी मान वर करून शांतपणे सांगितलं, “अगं, त्यांच्याकडं हाय की मी. आणि कशाला जायचं?” त्या पुन्हा बाल्कनीत बसायला लागल्या. मी ऑफिसातून येऊन त्यांना तिथे बसलेलं बघायचे. इतक्या कष्टाने बोलायला लागलेलं माणूस त्या लोकांनी एका दुपारी गप्प करून टाकलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

क्लबला मी तीन मेल लिहिले. प्रत्येक वेळी तेच आपोआप येणारं उत्तर आलं, आपल्या पॅशनबद्दल धन्यवाद. मग ते बैठकीचं आमंत्रण आलं. सासूबाई म्हणाल्या, “मी न्हाई येत. तुला भांडायचं असंल तर जा.”

मी गेले. पडद्यावर उतरत जाणारी रेघ दाखवून तो तरुण उत्साहाबद्दल बोलला. मी हात वर केला. मैदानाचं सांगितलं, वेळांचं सांगितलं, पाण्याचं, कुलपाचं. तो प्रत्येक गोष्टीला “व्हॅलिड पॉइंट, मॅम” म्हणत होता. आवाजाचं सांगायला लागले आणि माझं हिंदी अडखळायला लागलं. सासूबाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल, एवढंच मला सांगायचं होतं, पण वाक्य अर्ध्यावरच तुटलं. मी खाली बसले. मग चेंडावाले उठले. ते फक्त एवढं म्हणाले, की आम्ही आलो नाही हे तुमचं म्हणणं चूक आहे, आम्हाला तुम्ही बाहेर ठेवलंत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढची स्लाइड आली. ती नव्या जर्सीची होती.

नर्सला बंगळूरला नोकरी लागली म्हणून ती निघायच्या आधी मी तिला आणि चेंडावाल्यांना रविवारी जेवायला बोलावलं. सासूबाईंनी सकाळपासून तांबडा आणि पांढरा रस्सा केला. बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकघरातून त्यांचा मोठा आवाज ऐकू येत होता. नर्सला तिखट सोसतं म्हणून त्या खूश होत्या, मल्याळी गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून त्यांना पांढरा वाढत होत्या. फुटबॉलचा विषय कुणी काढला नाही.

जेवण झाल्यावर चेंडावाल्यांनी खिशातून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला. बैठकीनंतर क्लबने जुन्या प्रेक्षकांना फुकट पास पाठवले होते. मलाही तसाच लिफाफा आला होता, मी तो उघडलाही नव्हता. तोही आणून मी शेजारी ठेवला. “क्या करें इनका?” त्यांनी विचारलं.

“फाडून टाका,” मी म्हटलं.

“फाडतीस कशाला?” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही लिफाफे उचलून माझ्याकडे सरकवले. “सोसायटीत पोरं हाईत, कुणालातरी दे. त्यांना बघू दे की खेळ. खेळानं काय वाकडं केलंय?”

त्या नर्सला डबा भरून द्यायला आत गेल्या. प्रवासात खायला म्हणून त्यांनी दशम्या केल्या होत्या. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांनी तो विषय संपवला, कदाचित तेच बरं असेल. माझा राग गेलेला नाही. ते पास मी कुणाला दिले नाहीत. सोसायटीतल्या पोरांना त्या कॅमेऱ्यासमोर नेऊन बसवायला मी क्लबची नोकर नाही.